पाचावरचा केक

आर्कलबेक, यॉर्कशर
४ मार्च १९७९

प्रिय ऑलिव्ह,

आईला मातीला पोचवून तू ओहायोला परत गेलीस, त्यानंतरचं हे माझं पहिलंच पत्र. इतके महिने गप्प राहिले, माफ कर. डायरी रोज लिहिते, त्यामुळे वेळ नव्हता असं म्हणायची सोय नाही. तुला लिहायचं म्हणजे आईबद्दल लिहायचं आणि ते टाळत होते, एवढंच.

आज लिहायला कारण घडलं. आपल्या चॅपलला या जूनमध्ये शंभर वर्षं होतात. त्यानिमित्त बायकांनी गावच्या पाककृतींचं पुस्तक काढायचं ठरवलंय. गावातून परदेशी गेलेल्या सगळ्यांना ते पाठवायचं. अडचण अशी की इथल्या बायका ओव्हनचा आकडा सांगतात तो गॅसच्या चकतीवरचा: एक, दोन, तीन. नव्या विजेच्या ओव्हनवर सेल्सियस असतं आणि तुम्हा लोकांच्या ओव्हनवर फॅरनहाइट. म्हणून प्रत्येक कृतीपुढे तिन्ही आकडे छापायचे. हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते.

"हेस्टरला दे, तिला बेरीज येते," असं कमिटीत कोण म्हणालं असेल? अध्यक्षीणबाई. ब्रेथवेटबाई.

त्यांचा फ्रूटकेक पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे. शंभरीच्या दिवशी चॅपलमध्ये जो कापायचा तोही त्याच करणार. त्यांच्या अक्षरातला तो कागद माझ्या टेबलावर पडला आहे आणि दोन दिवस मी त्याला हात लावलेला नाही.

एक विचारायचं आहे. चोपन्न सालच्या प्रदर्शनात त्यांनी आईला नेमकं काय म्हटलं होतं? मी तेव्हा लीड्सला कॉलेजात होते. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीचा राग धरून बसले आहे ती मी स्वतः ऐकलेलीच नाही, हे परवा लक्षात आलं. तू तंबूत होतीस. जसंच्या तसं लिही, तिखटमीठ न लावता.

तुझी,
हेस्टर


डेटन, ओहायो
१५ मार्च

हेस्टर,

माफी वगैरे राहू दे. तू लिहिलंस, पुरे झालं.

तिखटमीठ लावायची गरजच नाही. ऐक. रेशन उठलं होतं त्या उन्हाळ्यात. कितीतरी वर्षांनी लोणी आणि बेदाणा हवा तेवढा मिळत होता. आईनं केक केला तो अगदी गुळगुळीत, सगळीकडून एका रंगाचा, खाली जाळीचा वळ नाही, वर भेग नाही. तो तिनं जाळीवर नाही, दुमडलेल्या पंच्यावर गार केला होता. ब्रेथवेटबाई परीक्षक. फुलांची टोपी घालून टेबलाटेबलावरून फिरत होत्या. आईच्या केकपाशी थांबल्या, सुरीनं एक तुकडा काढला, खाल्ला आणि अख्ख्या तंबूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगदी दुकानातल्यासारखा दिसतो हो, एडिथ!" आणि पिशवीतून ते कार्ड काढून केकवर ठेवलं: 'नियमात बसत नाही'.

बस. एवढंच बोलल्या. त्यावर कोणी हसलं, कोणी मान फिरवली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मेटकाफची बाई दुकानातला केक स्वतःचा म्हणून मांडते. आईच्या लग्नाच्या केकच्या ऑर्डरी बंद झाल्या त्या झाल्याच. त्या कोणाकडे गेल्या ते तुला सांगायला नको. बाबा नव्हते. मग आई लाँड्रीत इस्त्रीला लागली आणि त्यावर तुझं कॉलेज झालं. तिनं परत ओव्हन पेटवला तो फक्त पावासाठी.

आता माझं ऐक. आकडे तुझ्या हातात आहेत ना? मग त्या पहिल्या पानावर एक आकडा वाढव की! अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात जिथं जिथं आर्कलबेकचं माणूस आहे तिथं तिथं तिचा केक करपू दे. हात तुझा, नाव तिचं.

तुझी,
ऑलिव्ह

ता. क. डायरीत मला नावं ठेवू नकोस.


आर्कलबेक
१ एप्रिल

प्रिय ऑलिव्ह,

नावं ठेवली नाहीत. तुझी सूचना मात्र लिहून ठेवली आणि तिच्यापाशी रेघ मारली. ती रेघ खोडण्यासाठी होती की अधोरेखित करण्यासाठी, हे आज वाचताना मलाच कळेना.

मला चुकीचा आकडा लिहिता येत नाही, ऑलिव्ह. हा चांगुलपणा नाही, सवय आहे. गॅसचा दोन म्हणजे तीनशे फॅरनहाइट. त्यातून बत्तीस वजा, पाचानं गुणा, नवानं भागा, की येतं एकशे अठ्ठेचाळीस पूर्णांक नऊ. सगळे तिथं एकशे पन्नास छापतात. मी ते छापायचं की नाही यावर एक संध्याकाळ घालवली. अशा बाईला तू दरोडा घालायला सांगते आहेस.

पण ऐक काय झालं ते. ब्रेथवेटबाईंच्या कागदावर लिहिलंय: गॅसचा आकडा पाच, वेळ चार तास. मी परत परत वाचलं. जड फ्रूटकेक पाचावर? आई दोनावर करायची, सगळं गाव दोनावर करतं. म्हटलं, आपल्याला काय माहीत, करून बघू. शनिवारी त्यांच्या मापानं सगळं घालून पाचावर ठेवला. दोन तासांत वर कोळसा आणि आत चिखल. शेजारचा नॉर्मन कुंपणावरून ओरडला, "हेस्टर, प्रयोगशाळा घरी आणलीस का गं?"

माझा संशय सांगते. बाईंनी मुद्दाम खोटा आकडा दिला आहे. कृती तर छापून यायला हवी, पण त्यांच्यासारखा केक दुसऱ्या कोणाला जमायला नको. अशा बायका असतात. असं मनात आलं आणि मला आनंद झाला. फार आनंद झाला. त्याचीच जरा भीती वाटते आहे.

तुझी,
हेस्टर


डेटन
१२ एप्रिल

हेस्टर,

मीही केला! पाच म्हणजे तीनशे पंचाहत्तर, असं तू कृतीच्या नकलेसोबत पाठवलेल्या तक्त्यात पाहिलं आणि ठेवला. धुराचा भोंगा वाजला, कुत्रं पलंगाखाली गेलं, समोरची बाई रोब घालूनच धावत आली. तुझा मेहुणा ड्वेन म्हणतो, "तुमच्या गावात हे खातात की यानं छप्पर शाकारतात?"

अगं, मग अडलंय कुठं? तुला खोटं लिहायचंच नाही! तिनं पाच दिलाय, तू पाचाचं भाषांतर कर. एकशे नव्वद, तीनशे पंचाहत्तर. अगदी अचूक. खोटी ती आणि खरी तू. यापेक्षा सोयीचा सूड देवानं कोणाच्या ताटात वाढला होता? आणि कोणी विचारलंच तर तिचं अक्षर दाखव.

छाप. मी इथल्या सगळ्या यॉर्कशरवाल्यांना पुस्तकं वाटते.

ऑलिव्ह


आर्कलबेक
६ मे

प्रिय ऑलिव्ह,

छापणार होते. पान तयार केलं होतं: पाच, एकशे नव्वद, तीनशे पंचाहत्तर. मग एक गोष्ट खुपायला लागली. ब्रेथवेटबाई खोटं बोलतात हे मी सिद्ध केलेलं नव्हतं, फक्त मला ते आवडलं होतं. आणि केक करपणार होते ते दुसऱ्यांचे. लोणी त्यांचं, बेदाणे त्यांचे, पाहुणे त्यांचे. म्हणून शाळेतला पाऱ्याचा मोठा तापमापक रुमालात गुंडाळला आणि गेले त्यांच्याकडे.

दार उघडून म्हणाल्या, "ये. बूट पूस."

स्वयंपाकघरात केक ओव्हनमध्येच होता. चकती खरंच पाचावर. वास काय सांगू तुला! मी म्हटलं, "बाई, बाकी सगळे दोनावर करतात."

"करू देत. समुद्रातला गॅस आला तेव्हापासून मी पाचावर करते. जुना कोळशाचा गॅस असताना दोन पुरायचा. या नव्या गॅसात दमच नाही. मला पहिल्याच केकला कळलं. बाकीच्यांना कळत नाही, त्याला मी काय करू?"

"तापमापक ठेवून बघू का?"

"ताप कोणाला आलाय?"

ठेवला. थोड्या वेळानं वाचला. एकशे पन्नास. पाचावर एकशे पन्नास, ऑलिव्ह! गावात सगळीकडे तोच गॅस. दम गॅसात आहे, तो यांच्या ओव्हनमध्ये नाही. गॅस बदलला तेव्हा कंपनीच्या माणसांनी घरोघर शेगड्या बदलून दिल्या, त्यात यांची चकती बिघडली असणार. आठ वर्षं या बाई बिघडलेल्या ओव्हनशी जुळवून घेत आल्यात, आणि तोच आपला मोठेपणा समजतायत. शेजारणीला विचारलं असतं तरी कळलं असतं. पण विचारणार कोण? ब्रेथवेटबाई?

म्हणजे कृतीच्या बाबतीत त्या खोट्या नाहीत. मी चुकले होते. हे मी त्यांना सांगायलाच हवं होतं आणि सांगितलं. "बाई, तुमचा ओव्हन खोटं बोलतो. चकतीवर पाच आहे, आत दोन आहे. दुरुस्त करून घ्या."

"माझ्या ओव्हनला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. आणि एडिथच्या पोरीनं तर नाहीच ठेवायचं."

आईचं नाव त्यांनीच काढलं. मग मी विचारलं. आवाज शांत ठेवला होता, निदान मला तसं वाटतं. म्हटलं, "आईचा तो केक घरचा होता, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हणजे काय! तोंडात टाकल्याबरोबर कळलं. इतका चांगला केक दुकानात कुठला मिळायला?"

"मग तसं का म्हणालात?"

"काय म्हणाले? दुकानातल्यासारखा दिसतो म्हणाले. ते कौतुक होतं. लोकांनी काय अर्थ काढला त्याला मी जबाबदार नाही."

"आणि ते कार्ड?"

"नियमात लिहिलं होतं, केक जाळीवर गार केलेला असावा. वळ दिसत नव्हते."

"लोक काय बोलतायत ते तुमच्या कानावर आलं असेल. एक शब्द बोलला असतात तर आई लाँड्रीत गेली नसती."

त्या ओव्हनच्या काचेतून आत बघत म्हणाल्या, "मला कोणी विचारलं नाही."

मी तापमापक पुसला, रुमालात गुंडाळला आणि उठले. दाराशी पोचल्यावर सुचलं. ठरवून गेले नव्हते, याची डायरीत साक्ष आहे. म्हटलं, "शंभरीच्या आधी गॅसवाल्याला पाठवते. ओव्हन तपासून जाईल. मोठा दिवस आहे, धोका नको."

"पाठव," त्या म्हणाल्या. "तोच सांगेल तुला, चूक कोणाची ते."

तुझी,
हेस्टर


डेटन
१७ मे

हेस्टर,

पत्र वाचून मी बशी आपटली. फुटली.

तिनं तोंडावर कबूल केलं की तिला ठाऊक होतं, आणि तू तिचा ओव्हन दुरुस्त करून देतेस? तिचा? उद्या खिडक्याही पुसून दे! आई गेली तेव्हा हाताची सालं निघालेली होती इस्त्रीच्या वाफेनं, आणि थोरली लेक ब्रेथवेटबाईंची काळजी वाहते! तू लहानपणापासून अशीच आहेस. कोणी पायावर पाय दिला तर तू विचारणार, तुमच्या बुटाला लागलं का हो?

यावर मला काही लिहायचं नाही.

ऑलिव्ह


आर्कलबेक
३ जून

प्रिय ऑलिव्ह,

बशीचं वाईट वाटलं. पण तू घाईनं वाचलंस. सावकाश सांगते.

पुस्तक छापून आलं. ब्रेथवेटबाईंच्या केकपुढे मी लिहिलंय: दोन, एकशे पन्नास, तीनशे. खरे आकडे. डेटनला कर, सिडनीला कर, उत्तम होईल. मी स्वतः करून बघितला. कोणाचं लोणी वाया जाणार नाही. छापायच्या आधी पान त्यांना दाखवलं. दोनाचा आकडा बघून त्यांनी नाक मुरडलं. "लिही तुला हवं ते. ज्यांना येत नाही त्यांनी दोनावर करावा. मी पाचावरच करणार."

गुरुवारी गॅसवाला येऊन गेला. मी शाळेत होते. येताना बाई बाजारात भेटल्या. चार बायकांसमोर थांबवून म्हणाल्या, "हेस्टर, तुझा माणूस येऊन गेला हो! जाताना काय म्हणाला माहीत आहे? 'बाई, ओव्हन आता घड्याळासारखा बरोबर आहे.' ऐकलंस? बरोबर आहे!"

बायका हसल्या. मीही हसले.

'आता', असं म्हणाला तो. त्यांनी तो शब्द मला स्वतःच्या तोंडानं सांगितला आणि स्वतः ऐकला नाही.

तुझ्या लक्षात येतंय का, ऑलिव्ह? जगातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात त्यांचा केक आता नीट होईल. फक्त त्यांच्या स्वयंपाकघरात होणार नाही. केकाशिवाय त्या ओव्हन पेटवत नाहीत आणि पुढचा केक शंभरीचाच. तो त्या पाचावर ठेवतील, आणि यावेळी पाच म्हणजे पाचच असेल.

मी त्यांना एकदा सांगितलं होतं की चकती चुकीची आहे. दुसऱ्यांदा सांगावं का? त्यांनी विचारलं तर सांगेन, असं मी ठरवलं आहे. हे ठरवताना मला नीट ठाऊक होतं की त्या विचारणार नाहीत. म्हणजे याला ठरवणं म्हणता येणार नाही. यातली एकही गोष्ट खोटी नाही आणि मी तरीही निर्दोष नाही. दोन्ही लिहून ठेवते.

तुझी,
हेस्टर


डेटन
१२ जून

माझ्या थोर, भयंकर बहिणी,

पत्र तीनदा वाचलं. ड्वेनलाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तुझी बहीण आपल्यावर रागावलेली तर नाही ना कधी?"

एकच विनंती. तोंड उघडू नकोस. तुला ऐन वेळी पाझर फुटतो. फुटला तर बाहेर जा, कुंपण रंगव, नॉर्मनशी भांड. आणि सगळं लिही. वास कसा आला तेसुद्धा.

तुझी,
ऑलिव्ह


आर्कलबेक
२२ जून, शुक्रवार

प्रिय ऑलिव्ह,

उद्या शंभरी. तुला ठाऊक आहे, चॅपलच्या केकला ब्रँडी चालत नाही, म्हणून तो मुरवत नाहीत, आदल्या दिवशीच करतात. आज शाळेला सुट्टी होती. सकाळपासून मी मागच्या अंगणात होते. पाझर फुटलाही. अकराच्या सुमारास दोन घरं पलीकडे त्यांच्या फाटकापर्यंत गेले. खिडकीतून त्या दिसल्या. दोघीतिघींना बोलावून घेतलं होतं आणि केकच्या मिश्रणाच्या भांड्यावर चमचा धरून सांगत होत्या, "एडिथची पोरगी मला ओव्हन शिकवायला आली होती!" त्या बायका हसत होत्या. मी परत आले.

वास दीडच्या सुमाराला आला. आधी गोड, भाजलेल्या साखरेचा. तो वास आईच्या केकच्या दिवसांतला, म्हणून मी क्षणभर थांबले. मग कडू. मग नुसता धूर. नॉर्मननं या वेळी आपल्या खिडक्या लावून घेतल्या.

तीन वाजता दार वाजलं. ब्रेथवेटबाई. एप्रन तसाच, कपाळावर काजळी. आपल्या दारात त्या मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा आल्या.

"तुझ्या त्या माणसानं माझ्या ओव्हनची वाट लावली."

"वाट नाही लावली, बाई. दुरुस्त केला. तुमचा पाच आता खरोखरच पाच आहे."

त्यांना समजायला जरा वेळ लागला, पण समजलं. मूर्ख नाहीत त्या, कधीच नव्हत्या. "तुला ठाऊक होतं मी पाचावर ठेवणार ते."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, "मला कोणी विचारलं नाही."

ऑलिव्ह, हे वाक्य मी पाठ करून ठेवलं नव्हतं. पण तोंडातून निघालं तेव्हा त्याला धार होती.

त्या उंबऱ्यावरच उभ्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडे बेदाणा उरलाय. अजून वेळ आहे. तुझ्या ओव्हनमध्ये करशील? तुझ्या आईचा हात असेल तुला."

आईचा हात. त्या शब्दानं माझं काय झालं ते मी लिहू शकत नाही. म्हटलं, "चौकातली बेकरी साडेपाचपर्यंत उघडी असते."

"दुकानातला? चॅपलच्या शंभरीला? हेस्टर, लोक काय म्हणतील?"

"कोणी काही म्हणालं तर सांगा, दुकानातल्यासारखा दिसतो एवढंच. ते कौतुकच असतं ना?"

त्या गेल्या. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, पण नाही दिली. पाचच्या आधी मी वरच्या खिडकीतून पाहिलं. फुलांची टोपी घालून, बेकरीचं मोठं खोकं स्वेटरनं झाकून त्या मागच्या गल्लीनं घरी चालल्या होत्या. वय झालंय. खोकं जड असावं, दोनदा थांबल्या. मी खाली गेले नाही.

तू विचारशील, गोड लागलं का? लागलं. खोटं कशाला सांगू. आईला सांगावंसं वाटलं, आणि मग लक्षात आलं की आईनं हे ऐकून घेतलं नसतं. ती म्हणाली असती, "बेदाणा वाया गेला ना गं." पण आईवर झालेला अन्याय आईचा एकटीचा नव्हता. माझ्या वाट्याचा मी फेडून घेतला. तुझ्या वाट्याचं तू बघ.

उद्या चॅपलमध्ये मी तिसऱ्या बाकावर बसेन, माझ्या वाटणीचा तुकडा खाईन आणि कोणालाही काही सांगणार नाही. त्यांनी स्वतः सांगितलं तर उत्तम. नाही सांगितलं तर तो घास त्यांचा त्यांनी गिळावा, आईनं पंचवीस वर्षं गिळला तसा.

मात्र हिशोब पुरा झाल्यावर त्या बाईंना यापुढेही दर वेळी करपलेला केक खायला लावणं मला जमायचं नाही. तेवढी मी आईची आहे.

तुझी,
हेस्टर

डायरी, २२ जून. उद्या: लाल रंग घेऊन ब्रेथवेटबाईंकडे जाणे, ओव्हनच्या चकतीवर दोनाशी खूण करून येणे.